खुडबुडीच्या काड्या

वाऱ्यानं दार आपटलं आणि खुडबुडी नवऱ्यासकट जिन्यात अडकली. हातात कचऱ्याची पिशवी, पायात घरातल्या सपाता, आणि किल्ल्या आत टेबलावर. सासूबाई घरातच होत्या, पण असून नसल्यासारख्या. सकाळी कानातलं यंत्र काढून त्या वर्तमानपत्र घेऊन बसत, आणि मग बाहेर कुणी थाळ्या आपटल्या असत्या तरी त्यांनी शांतपणे पान उलटलं असतं. घंटा वाजवून झाली, दार बडवून झालं. शेवटी नवऱ्यानं खिशातल्या फोनवरून किल्लीवाल्याला बोलावलं.

किल्लीवाला आला तो धापा टाकतच. जाडगेला माणूस, खांद्यावर कापडी पिशवी, गळ्यात दोरीनं लोंबणारा चष्मा. त्यानं कुलपात खालच्या अंगानं एक वाकडी पट्टी घातली, वर एक बारीक सळई सरकवली, आणि फोनवर कुणाचं तरी ऐकत असावा तशी मान कलती केली. शिंक यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दार उघडलं.

नवऱ्यानं सुटकेचा श्वास टाकून एक पाय आत ठेवलासुद्धा. खुडबुडी मात्र जागची हलली नाही.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

"काय?" किल्लीवाल्यानं चष्मा नाकावर चढवला.

"दार पुन्हा लावा, आणि पुन्हा उघडा. पहिल्यांदा मला नीट दिसलं नाही."

"अगं, आत्ता कुठे सुटलो!" नवऱ्यानं कपाळावर हात मारला. पण किल्लीवाल्याला हसू फुटलं. "आयुष्य गेलं दारं उघडण्यात," तो म्हणाला, "उघडलेलं लावायला सांगणारं गिऱ्हाईक हे पहिलंच." आणि त्यानं खरोखरच दार ओढून घेतलं. या वेळी खुडबुडी इतकी जवळ वाकली की तिच्या चष्म्याची दांडी त्याच्या कोपराला लागली. आतून एक बारीकशी टक ऐकू आली, मग आणखी एक, मग कुलूप फिरलं. दार उघडलं तर समोर सासूबाई उभ्या, आता कानात यंत्र घालून.

"कुठे उलथला होतात दोघं?" त्या म्हणाल्या. "चहा काय कुलूपवाला करणार आहे?"

खुडबुडी हे नाव तिच्या आईनं ठेवलेलं. लहानपणी तिनं घरातलं गजराचं घड्याळ उघडलं, इस्त्री उघडली, एकदा तर पाहुणी म्हणून आलेल्या मामीची छत्री उघडून तिच्या काड्या मोकळ्या केल्या. छत्री उघडते कशी हे तिला कळलं होतं. मिटते कशी हे कळायच्या आत मामी आली. कागदोपत्री तिला चांगलं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच उपयोगी पडे. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी दोन-चार दिवस ते नाव घेतलं, मग एकदा सुनेला मिक्सर सुटा करून बसलेली पाहिलं आणि त्याही खुडबुडीच म्हणू लागल्या.

पन्नाशी उलटली होती. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची. काचा घासून फ्रेमीत बसवायच्या, वाकलेल्या दांड्या सरळ करायच्या, तिळापेक्षा बारीक स्क्रू चिमट्यानं उचलून जागेवर न्यायचे. गिऱ्हाईक समोरच्या काउंटरवर. तिच्या वाट्याला फक्त त्यांचे चष्मे यायचे. काम तिला आवडायचं, पण चष्म्यात काही लपलेलं नसतं. जे आहे ते डोळ्यांसमोर. कुलपाचं तसं नव्हतं. त्या टकटकीनं तिच्या डोक्यात घर केलं. दुसऱ्या दिवशी काच घासताना ती मध्येच थांबायची आणि रिकाम्या हातानं हवेत काहीतरी उचकटून बघायची.

हार्डवेअरच्या दुकानातून तिनं एक पितळी कुलूप आणलं. किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली आणि केसांची पिन घेऊन बसली. पिन सरळ झाली. दुसरी घेतली, ती मोडली. दुकानातला बारीक पेचकस आणला, तर तो एकटाच कुलपाच्या तोंडात मावेना. कुलूप ढिम्म.

"जित्याची खोड," सासूबाई वर्तमानपत्राआडून म्हणाल्या. पुढचं अर्धं वाक्य त्या कधीच पुरं करत नसत.

मग एका संध्याकाळी ती किल्लीवाल्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. दुकान म्हणजे एक बोळकांडी. दोन्ही भिंतींवर कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या, आणि मध्ये किल्ली कापायच्या यंत्राचा पितळी भुगा. त्यानं तिला ओळखलं.

"पुन्हा अडकलात, ताई?"

"नाही. मला शिकायचंय."

किल्लीवाल्याचं हसू मावळलं. "कशाला?"

"आत काय आहे ते बघायचंय."

"दाराच्या आत, की कुलपाच्या आत?"

"कुलपाच्या," खुडबुडी म्हणाली, आणि तिला प्रश्नच समजला नसल्यासारखा तिचा चेहरा झाला. "दाराच्या आत काय असणार? माणसं."

त्यानं खालच्या खणातून एक कुलूप काढून तिच्यापुढे ठेवलं. बाजूनं अर्धं कापलेलं होतं, पोट उघडं. आत पितळी पिनांची एक रांग, प्रत्येक पिन वेगवेगळ्या उंचीवर दोन तुकड्यांत कापलेली, वर इवलीशी स्प्रिंग. किल्ली घातली की तिचे दाते प्रत्येक पिनेला आपापल्या उंचीवर उचलत, सगळ्यांच्या चिरा एका रेषेत येत, आणि किल्लीभोवतीचं नळकांडं फिरे. किल्ली काढली की पिना खाली, चिरा वरखाली, दरवाजा बंद. खुडबुडीनं किल्ली घातली, काढली, घातली, काढली. दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली.

"पण किल्लीशिवाय सगळ्या एकदम कशा उचलणार?" तिनं विचारलं.

"एकदम नाहीच उचलायच्या. एका हातानं नळकांडं किंचित फिरवायचं. अगदी किंचित. कुठलंच कुलूप शंभर टक्के बिनचूक बनत नाही, त्यामुळे सगळ्या पिना एकाच वेळी अडकत नाहीत. एखादी आधी अडकते. ती दुसऱ्या हातानं उचलायची. बसली की टक. मग पुढची."

"म्हणजे बनवताना राहिलेल्या चुकीतून आत शिरायचं?"

"असं कुणी म्हटलं नव्हतं अजून," किल्लीवाला म्हणाला. "पण हो."

त्यानं दोन अटी घातल्या. कुलूप स्वतःचं असलं पाहिजे, आणि ते कुठल्याही दाराला, पेटीला, सायकलीला लागलेलं नसलं पाहिजे. वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही, स्वतःच्या घराच्यासुद्धा. आत एखादी सळई मोडली तर मग सपाता घालून जिन्यातच राहावं लागेल. शिवाय असलं सामान घरात ठेवायला चालतं का, ते आधी पोलीस चौकीवर जाऊन विचारून यायचं. खुडबुडी गेली. चौकीवरच्या हवालदारानं बराच वेळ डोकं खाजवलं, आत जाऊन साहेबांना विचारलं, आणि बाहेर येऊन सांगितलं, "घरात ठेवा. खिशात घालून हिंडू नका. आणि बाई, विचारायला येणारं कुणी पहिल्यांदाच पाहिलं."

आता सळ्या घ्यायच्या. इथे खुडबुडीची फसगत झाली. फोनवर चित्रं बघता बघता तिचे डोळे दिपले. आकड्या, अर्धगोल, करवतीसारख्या, लाटांसारख्या, सापासारख्या. हात राखून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं सगळ्यात मोठा संच मागवला. चामड्याच्या गुंडाळीत ओळीनं चमकणाऱ्या सळ्या आल्या तेव्हा सासूबाईंनी गुंडाळी पूर्ण उलगडून पाहिली.

"काय गं, दात काढायचा धंदा काढतेस?"

"कुलपं उघडायच्या काड्या आहेत."

"काड्या करायची सवय होतीच तुला. आता विकतच्या आणल्यास."

नवरा कामावरून आला. तो रस्ते झाडायचं मोठं यंत्र चालवायचा, खाली गोल फिरणारे ब्रश आणि पोटात धूळ ओढणारा पंखा असलेलं. दिवसभराच्या धुळीनं त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. त्यानं एक सळई उचलून कान कोरल्यासारखं केलं. "एवढ्यातली लागणार कुठली?" त्यानं विचारलं. खुडबुडीनं गुंडाळीवरून बोट फिरवत सळ्या मोजल्या, आणि तो प्रश्न तिला डाचत राहिला.

तिनं लाटांसारखी एक सळई पितळी कुलपात घातली, पट्टीनं जरा ताण दिला आणि हलवली. कुलूप फटकन उघडलं. तिच्या तोंडून आनंदाचा चीत्कार निघाला. पण तो विरायच्या आत तिचा चेहरा पडला.

"आता काय झालं?" नवऱ्यानं विचारलं. "उघडलं ना?"

"उघडलं. पण का उघडलं ते कळलंच नाही."

तिनं कुलूप लावलं आणि ती लाटांची सळई गुंडाळीत परत ठेवून दिली. तिच्या जातीच्या सगळ्याच बाजूला काढल्या. नुसतं खडखडवून नशिबानं उघडायचं असेल तर आत काय घडतं ते कधी कळायचं? तिला एकेका पिनेला भेटायचं होतं. मग उरल्या आकड्या. पहिली आकडी इतकी जाड की कुलपाच्या तोंडात शिरली तशी अडकून बसली. दुसरीची कड इतकी खरबरीत की बोटातून रक्त आलं. संचातल्या ताण द्यायच्या पट्ट्या लोण्याच्या केल्यासारख्या. जोर लावला की वाकायच्या, आणि ताण कुलपाला लागतोय की पट्टीलाच, ते समजेना.

ती गुंडाळी घेऊन थेट किल्लीवाल्याकडे निघाली. हवालदाराचं बोलणं आठवून पिशवीच्या तळाशी, दुकानाच्या वेष्टनातच ठेवून. किल्लीवाल्यानं सळ्यांवरून नख फिरवलं आणि गुंडाळी तिच्याकडे परत सरकवली.

"यातली चांगली कुठली?" तिनं विचारलं.

"कुठल्या कुलपासाठी?"

खुडबुडी चपापली, मग हसायलाच लागली. दुकानात काउंटरवरून आवाज यायचा, "मागे विचारा हो, यातली चांगली फ्रेम कुठली?" आणि ती आतून ओरडायची, "कुठल्या नाकासाठी?" रुंद नाकावर अरुंद फ्रेम बसवली की वळ उठतात, आणि अरुंद नाकावरून रुंद फ्रेम बोटभर पुढे घसरते. हे सगळं जन्मभर करून तिनं सळ्या मात्र नाक न बघता आणल्या होत्या.

त्या संध्याकाळी किल्लीवाल्यानं तिला आपल्या सळ्या हाताळू दिल्या. आधी कुलपाचं तोंड बघायचं, तो म्हणाला. अरुंद असेल तर बारीक पत्र्याची सळई. पण बारीक सळई जोरात दाबली की वाकते, म्हणून हात हलका हवा. रुंद तोंडाला जाड चालते, जाड सळई चुका पोटात घालते. आकडीची उंची पिनांच्या चढउतारावरून: सगळ्या पिना साधारण सारख्या असतील तर बुटकी आकडी, एखादी खोल आणि तिच्या पुढचीच उथळ असेल तर उंच आकडी, नाहीतर मागची उचलताना पुढची उगाच उचलली जाते. तो सांगत होता तशी ती डोळे मिटून एकेक सळई कापलेल्या कुलपात घालून बघत होती. एका सळईच्या मुठीवर मऊ रबर होतं. हाताला फार सुखाची. पण खुडबुडीनं ती परत दिली.

"का? सगळ्यांना तीच आवडते."

"रबर टक गिळून टाकतं."

"तुमच्या बोटांना ऐकू येतं तर," किल्लीवाला म्हणाला आणि बाहेर जाऊन चहा सांगून आला.

शेवटी तिनं निवड केली. एक बुटकी आकडी, एक उंच आकडी, आणि टोकाशी अर्धगोल असलेली एक. तिन्ही बारीक पत्र्याच्या, मुठी उघड्या पोलादाच्या. घरी येऊन तिनं पॉलिश पेपरनं त्यांच्या कडा इतक्या घासल्या की गालावरून फिरवल्या तरी टोचेनात. चष्म्याच्या दांड्या ती तशाच तपासायची. पितळी कुलूप आता रोज उघडू लागलं, आणि या वेळी ती प्रत्येक टकेचा हिशेब देऊ शकत होती: आधी तिसरी, मग पहिली, मग शेवटची.

गोष्ट बिघडवली ती सासूबाईंनी, आणि तीही कौतुकापोटी. इमारतीच्या खाली एक बाक होता. तिथे ऊन खात बसलेल्या चार बायकांना त्यांनी सांगितलं, "माझी सून कुठलंही कुलूप उघडते. चुटकीसरशी." सासूनं सुनेचं कौतुक करणं हीच मुळात बातमी, त्यात हे असलं. संध्याकाळपर्यंत ती वरच्या मजल्यावर पोचली होती. पुढच्या आठवड्यात खुडबुडी जिना चढताना दारं जरा जास्तच घट्ट लागल्यासारखी वाटू लागली. तळमजल्यावरची वहिनी एरवी तिला थांबवून तासभर बोलायची, ती आता पिशवी छातीशी धरून सरकून जाई. आणि समोरच्याच दारात राहणारे निवृत्त भूगोलाचे मास्तर, ज्यांना सगळी इमारत सर म्हणायची, त्यांनी दाराला दुसरं, नवं कोरं, जड कुलूप बसवून घेतलं.

खुडबुडीला वाईट वाटलं. इतकी वर्षं त्यांचे चष्मे ती दुरुस्त करून देत होती. रात्री ती नवऱ्याजवळ रडलीही. पण खोटं कशाला सांगायचं, तिला त्या कुलपाबद्दल कुतूहलही वाटलं. येता-जाता ती तिरक्या डोळ्यानं बघे. त्याचं तोंड सरळ चिरेसारखं नव्हतं; नागमोडी होतं, आणि जेमतेम कागद शिरेल एवढं. एका सकाळी जिन्यात कुणी नाही असं पाहून ती दोन्ही हात पाठीमागे धरून वाकली. हात पाठीमागे अशासाठी, की उगाच कुणाचा गैरसमज नको. आणि नेमकं दार उघडलं.

"काय चाललंय?" सर म्हणाले.

खुडबुडी तशीच वाकलेली. खोटं काही सुचलंच नाही. "याचं तोंड नागमोडी आहे, सर. असलं मी कधी पाहिलं नव्हतं."

सरांनी दार लावून घेतलं. आतून दोन्ही कुलपं फिरल्याचा आवाज आला, मग साखळीचा.

दोन दिवस ती मान खाली घालून जिना उतरली. तिसऱ्या दिवशी घंटा वाजली. दारात सर. गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर, चेहरा परीक्षेच्या वर्गावर देखरेख करावी तसा.

"सरळ विचारतो," ते म्हणाले. "माझं नवीन कुलूप तुम्हाला उघडता येईल का?"

"माहीत नाही."

"मग उघडून बघा. मी उभा आहे समोर."

"नाही, सर. वापरातल्या कुलपाला मी हात लावत नाही."

"मीच सांगतोय ना?"

"तुम्ही सांगितलंत तरी नाही. नियम आहे."

सरांना हे अपेक्षित नसावं. "मग ते चांगलं आहे की नाही, मला कसं कळणार?"

"मला तरी कुठे कळणार?" खुडबुडी म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकी खरीखुरी हळहळ होती की सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवली आणि निघून गेले.

संध्याकाळी पुन्हा घंटा. सरांच्या हातात हार्डवेअरच्या दुकानाची पिशवी होती. आत तसंच कुलूप, जुळा भाऊ शोभावा असं. "हे कुठल्याच दाराला लागलेलं नाही," ते म्हणाले. "किल्ली माझ्याकडे राहील. तुमच्या नियमात बसतं का?"

खुडबुडीनं कुलूप दोन्ही हातांनी घेतलं.

"बसा ना, सर," मागून सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही उभे राहिलात म्हणून ते लवकर उघडणार नाही."

आणि ते लवकर उघडलं नाहीच. थंडी पडली, झाडांची पानं गळून जिन्यापर्यंत उडत आली, तरी कुलूप आपलं तोंड मिटून बसलेलं. सर रविवारी दुपारी येत, सासूबाईंना आपलं वाचून झालेलं वर्तमानपत्र देत, चहा घेत आणि कुलपाची चौकशी करत, एखाद्या आजारी माणसाची करावी तशी. खुडबुडीला पहिल्यांदा वाटलं, सळई चुकली. तिनं उंच आकडी सोडून बुटकी घेतली, बुटकी सोडून पुन्हा उंच. अर्धगोल घालून पाहिली. किल्लीवाल्याकडून आणखी एक नागमोडी तोंडाला चालेल अशी मागून आणली. तोंड एवढंसं, त्यातलं अर्धं ताणाच्या पट्टीनंच व्यापलेलं. सळईला वळायला जागा कुठे?

"तुम्ही सगळं या हाताचं बोलताय," किल्लीवाला म्हणाला आणि तिच्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं. "त्या बिचाऱ्या डाव्या हातात काय आहे ते कधी बघणार?"

डाव्या हातात त्या लोण्याच्या पट्ट्यांपैकी एक होती. सळ्या निवडायला तिनं महिने घातले होते. पट्टी मात्र संचात आली ती तशीच वापरत होती.

घरी तिनं हे बोलून दाखवलं. पट्टी खाली नको, तोंडाच्या अगदी वरच्या कडेला टेकायला हवी, म्हणजे खालची सगळी वाट मोकळी. बारीक हवी, तरी वाकता कामा नये. वाकली तर लगेच सरळ व्हायला हवी. असं पोलाद कुठे मिळतं?

नवरा जेवता जेवता थांबला. "रस्त्यावर," तो म्हणाला.

"थट्टा नको."

"थट्टा नाही. माझ्या यंत्राच्या ब्रशाला केस असतात ना, ते पोलादाचेच, चपटे. झिजले की गळून पडतात. सायकलवाले शिव्या घालतात त्यांच्यापायी, टायरात घुसतात म्हणून. कितीही वाकवा, पुन्हा ताठ. सरकारी अधिकाऱ्यासारखे नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यानं खिशातून मूठभर काढून टेबलावर ठेवले. काळपट, धुळकट, बोटभर लांबीचे. खुडबुडीनं एक वाकवला आणि सोडला. तो टणकन सरळ झाला. तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की तो लाजला.

टोक वाकवायचं काम त्यानं हातात घेतलं. गॅसच्या आचेवर धरून पक्कडीनं मुरडायचं. पहिला केस जास्त तापला, निळा पडला आणि मुरडताना काडकन तुटला. दुसऱ्याला त्यानं जपून ऊब दिली. मग खुडबुडीनं कानशीनं टोक घासून बारीक केलं, कुलपाच्या वरच्या कडेत बसवून पाहिलं, काढलं, पुन्हा घासलं. शेवटी ते असं बसलं जसं तिथलंच होतं. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून काही बनवलं असेल तर ते बहुधा हेच; बाकी सगळं एकानं केलं होतं आणि दुसऱ्यानं नावं ठेवली होती.

नव्या पट्टीनं कुलूप बोलायला लागलं. ताण द्यायला आता बोटाचं वजनसुद्धा पुरे. पिना एकेक करून बसू लागल्या, टक, टक, आणि एका रविवारी नळकांडं किंचित फिरलं.

"उघडलं!" खुडबुडी ओरडली. सर खुर्चीतून उठले. सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

उघडलं नव्हतं. किंचित फिरून ते तिथेच अडलं होतं. जोर लावला तर हलेना, सोडलं तर सगळ्या पिना खाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चार रविवार तेच. आता हे काय नवीन? अडलेलं कुलूप एक वेळ समजतं, पण अर्धवट उघडून गप्प बसणारं? तिनं किल्लीवाल्याला विचारलं. त्यानं मिशीत हसून विचारलं, "सांगू, की शोधणार?"

"शोधते," ती म्हणाली, आणि दारातून परत वळली. "जरासं सांगा."

"जिथे जोर लावावासा वाटतो, तिथे सोडून बघा. पण सगळं नाही सोडायचं."

त्या रविवारी कुलूप नेहमीसारखं किंचित फिरून अडलं. खुडबुडीनं जोर लावला नाही. एकेका पिनेला सळईनं हलकेच डिवचलं. एकीला डिवचल्यावर नळकांडं उलटं, मागे ढकललं गेल्यासारखं वाटलं. एरवी ती घाबरून डावा हात आवळायची. या वेळी तिनं पट्टीवरचं बोट सैल केलं, इतकं सैल की ताण आहे की नाही हे तिलाच सांगता आलं नसतं. पिन वर सरकली. टक. सगळं कोसळेल म्हणून तिनं श्वास धरला. काही कोसळलं नाही. तिनं दुसरी डिवचली, तिलाही तसंच सैल सोडलं, आणि मग नळकांडं सरळ, गुमान, पूर्ण फिरलं. कुलपाची पोलादी जीभ खटकन आत गेली.

सरांनी खिशातून किल्ली काढली, कुलपात घालून फिरवून पाहिली. कुलूप तेच होतं.

"म्हणजे माझं दार..." ते म्हणाले.

"सर, याला मला अख्खी थंडी लागली. आपल्या घरात बसून, चहा पीत. चोराला एवढी सवड असते का? तो खिडकी फोडेल."

"मग खिडकीला काय लावू?"

"पडदा लावा," सासूबाई म्हणाल्या.

सर आधी गोरेमोरे झाले, मग हसले. त्यांना हसताना खुडबुडीनं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. पुढचा एक दात चांदीचा निघाला. पण ती थांबायला तयार नव्हती. किल्ली लावून तिनं नळकांडं बाहेर ओढलं आणि पिना दुकानातून आणलेल्या मखमली तबकात ओतल्या. सरांनी नकाशे बघायचं आपलं भिंग घरून आणलं. दोघं तबकावर वाकली. काही पिना साध्या, काडीसारख्या सरळ. पण काही वेगळ्याच: दोन्ही टोकांना रुंद, मधे कंबर बारीक, दोऱ्याच्या रिळासारख्या.

"हीच ती!" खुडबुडीनं एक चिमट्यानं उचलून धरली. "कंबरेवर अडकते, म्हणून नळकांडं जरा फिरतं. आपल्याला वाटतं उघडलं. जोर लावावा तितकी आणखी घट्ट धरते."

"आणि सैल सोडलं की वर जाते," सर म्हणाले. "वा! हे कुणाला सुचलं असेल हो? हे बनवणाऱ्याला माहीत होतं की कुणीतरी सळई घेऊन येणार. तो तिथे तुमची वाट बघत बसला होता."

हा विचार खुडबुडीला आला नव्हता. तिनं ती पिन भिंगाखाली पुन्हा फिरवून पाहिली.

पिना परत भरताना सरांचा हात लागून तबक कलंडलं आणि सगळी क्रमवारी गेली. आपापल्या अंदाजानं भरल्या, कुलूप जोडून लावलं. किल्ली घातली तर फिरेना. आता त्या कुलपाला जगात किल्लीच उरली नव्हती. सर फार ओशाळले. नवं आणून देतो म्हणाले. खुडबुडीनं कुलूप त्यांच्यापुढे सरकवलं, आणि आपल्या तीन सळ्या टेबलावर ओळीनं मांडल्या.

"डोळे मिटा, सर. हाताला बरी वाटेल ती उचला. पट्टी मी देते."

पुढे खुडबुडीच्या घरी रविवारी दुपारी बैठकच बसू लागली. तळमजल्यावरची वहिनी आधी दारातून डोकावली, मग खुर्ची ओढून बसली. वर्षभरानं तिनं आपल्या भाच्याच्या खोलीचं कुलूप उघडून द्यायची गळ घातली, तेव्हा खुडबुडीनं आणि सरांनी एका सुरात नाही म्हटलं. वहिनी रुसली, पण रविवार चुकवला नाही. मोठ्या संचातल्या बाकीच्या सळ्यांतली एक सासूबाईंनी चष्म्याच्या घरातला कचरा काढायला ठेवून घेतली.

तबक कलंडलं त्याच दिवशी सरांनी ते बिनकिल्लीचं कुलूप मात्र घरी नेलं होतं. दुसऱ्याच सकाळी खुडबुडी कामाला निघाली तर ते जिन्यात तिची वाटच बघत उभे. केस न विंचरलेले, बोटाला चिंधी.

"एक पिन बसली," ते म्हणाले. "दुसरीही बसल्यासारखी वाटते. पण तिच्यावर माझा विश्वास नाही."

दुकान उघडायची वेळ झाली होती. खुडबुडीनं पायरीवर पिशवी टेकवली.

"का नाही?" तिनं विचारलं.